जोडी लावायची न्हाई

आमच्या ह्यांनी वाळवंट पाहिलं होतं, आणि ते पाहिल्याची शिक्षा सगळं बोरी बुद्रुक भोगत होतं.

मोठी लढाई संपली आणि हे बसऱ्याहून परत आले. पलटणीत मोटारींच्या कामावर होते. म्हणजे काय, तर मोठ्या मिस्त्र्याला पाना नेऊन द्यायचा आणि त्याच्या शिव्या घेऊन यायच्या. पण गावात आल्यावर तो मोठा मिस्त्री गोष्टींतून हळूहळू गळत गेला, आणि पुढं पुढं तर बसरा ह्यांनी एकट्यानंच घेतला असं ठरलं. कुणी म्हणालं औंदा ऊन लई हाय, की हे म्हणायचे, "ह्याला ऊन म्हंत्यात व्हय? बसऱ्याला या." कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं तर बसऱ्याची वाळू निघायची. एकदा तर एका म्हातारीला माती द्यायला सगळे जमले असताना ह्यांनी सांगितलं की तिकडं खड्डा खणावा लागतच नाही, वारा खणतो आणि वाराच बुजवतो. म्हातारीचा मुलगा रडायचा थांबला आणि ह्यांच्याकडं बघत राहिला.

ह्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. तेव्हा घेत नव्हते, आता ह्या वयात सवय मोडायचं काही कारण नाही. आमचं लग्न ते परत आल्यावर झालं. लग्नात मला डोरलं मिळालं, जोडवी मिळाली, पाटल्या पुढच्या वर्षी करू असं ठरलं, आणि वाळवंट मात्र न मागता मिळालं.

त्यात भर म्हणून ह्यांनी फटफटी आणली. पुण्याच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथं घेतली. गावात सांगितलं, आता वाऱ्यासारखा येतो बघा. सगळे वेशीवर जमले. फटफटी आली ती बैलगाडीत कडब्यावर आडवी पडून, आणि हे गाडीवानाशेजारी बसून. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले, "गाडीतनं गाडी आली."

पुढं तिचं चाललं तेही तसंच. जाताना फटफट करत जायची, येताना आमच्या बैलांच्या मागून मुकाट्यानं यायची. बैलांना इतकी सवय झाली की गोठ्यात रवंथ करत बसलेले असले आणि लांबून फटफट ऐकू आली की दोघं आपण होऊन उठून उभे राहायचे.

आता माझं सांगते. ह्यांच्या डोक्यात होतं पेठेला जाऊन दुरुस्तीचं दुकान टाकायचं. पेठ म्हणजे पुण्यातली पेठ नव्हे, आंबेगावाकडचं पुणे-नाशिक रस्त्यावरचं पेठ गाव. तिथून मोटारी जायच्या, आणि ह्यांचं म्हणणं असं की मोटार जाते म्हणजे ती बंद पडणारच. मला मोटारींशी काही कर्तव्य नव्हतं. मला चूल पाहिजे होती. घरात आम्ही तिघी जावा, चूल एक, आणि त्या चुलीवर राज्य सासूबाईंचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंना लसूण चालत नसे, म्हणून घरात कुणालाच चालत नसे. माझ्या माहेरी पिठल्याला लसणाची चरचरीत फोडणी असायची. लग्न झाल्यापासून मी बिनलसणाचं पिठलं खात होते. ज्याला ही गोष्ट बारीक वाटेल त्यानं ते खाऊन बघावं. पण वेगळं निघायचं म्हटलं की सुनेनं घर फोडलं हा शिक्का कपाळी. पेठेला दुकान निघालं तर मात्र ते घर फोडणं नव्हे, तो धंदा. म्हणून त्या फटफटीवर ह्यांच्यापेक्षा माझाच जीव जास्त होता, आणि हे मी कुणाला दाखवत नव्हते.

एके दिवशी ह्यांनी पेठेचा विषय काढला. मामंजी ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांना बोलायला घाई नसायची.

"लोकांच्या मोटारी नीट करणार तू," ते म्हणाले. "आन तुजी सोताची आजून आमी बैलानं वडून आणतोय."

हे म्हणाले, "त्ये रस्त्याच्या दोषानं व्हतं. बसऱ्याला—"

"बसरा ऱ्हाऊ दे. आणे गावच्या पठारावर सरकारचं राखीव रान हाय. ना पाणी ना झाड. तुजं वाळवंट त्येच समज. सुनंला संगं घे. येकटा गेलास तर परत येऊन काय बी सांगशील. जोडीनं जायाचं आन जोडीनं यायाचं. गाडीला जोडी लावायची न्हाई. तसा आलास तर जा पेठंला, मी आडवा येणार न्हाई. जोडी लावून आलास तर ती वस्तू लव्हाराकडं, आन तू औतामागं."

आमच्याकडं जोडी म्हटलं की आधी बैल डोळ्यांपुढं येतात, नवराबायको नंतर. एका दमात दोन्ही जोड्या आल्या तेव्हा आत चुलीपाशी मोठ्या जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मी मनात मामंजींचा शब्द नि शब्द गाठीला बांधून ठेवला.

चैत्रातल्या एका सकाळी निघालो. ह्यांनी डोळ्यांना बसऱ्याहून आणलेला वाळूचा मोठा चष्मा लावला, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि चोरासारखे दिसायला लागले. मागच्या लोखंडी जाळीवर गोणपाट घालून माझी बसायची जागा केली. आत्याबाई भाकरीचं गाठोडं हातात देत म्हणाल्या, "टांग टाकून बसायचं न्हाई. येका अंगानं बसायचं. आन त्याला धरायचं न्हाई, लोकं बघत्यात."

"मग धरू कशाला?"

"देवाला धर."

देवाला धरून मी पठारापर्यंत गेले. त्या यंत्राचा आवाज असा की स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येत नव्हता. धुळीनं लुगड्याचा रंग कुठला ते कळेनासं झालं. हे पुढं तोंड करून बसऱ्याच्या गोष्टी ओरडत होते, वारा त्या माझ्यापर्यंत येऊ देत नव्हता, हा एक वाऱ्याचा उपकार. मी धरलेलं नसल्यामुळं मी मागं आहे की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. म्हणून थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "हायेस का गं?" मी ओरडायची, "हाय." आमच्या संसारात त्यांनी मला बरंच काही विचारलं असेल, पण उत्तर खरंच पाहिजे म्हणून विचारलेलं तोवर तेवढंच.

पठारावर राखीव रानाच्या कडेला चुना फासलेले दगड होते, एक इंग्रजी पाटी होती, आणि पाटीखाली एक सरकारी रखवालदार होता. कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा आणि पायात काही नाही.

"आत जायाचं न्हाई," तो म्हणाला.

ह्यांनी विचारलं, "का?"

"राखीव हाय."

"आत हाय काय?"

"काय न्हाई."

"मग राखलंय काय?"

"त्येच," तो म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की पाव्हण्यांना नीट समजावून सांगावं. "पयलं हितं धनगरांची मेंढरं यायची. आता सायेब येत्यात, हरणं मारत्यात. हरणांनी सायबाची वाट बघायची, आन त्यास्नी दुसऱ्या कुणी तरास द्यायचा न्हाई, म्हनून राखीव."

मी ह्यांना हळूच म्हणाले की आत गेलोच नाही तर मामंजी काय म्हणतील. त्यांनी रखवालदाराला बसरा सांगायला सुरुवात केली. त्यानं अर्धा बसरा ऐकला आणि फटफटीभोवती एक फेरा मारला.

"हुकूम असा हाय की चरनारं जनावर आत सोडायचं न्हाई. ही चरती का?"

"न्हाई," हे म्हणाले. "ही तेल पिती."

"पिन्याचं हुकमात काय न्हाई. जावा."

सरकारच्या बुद्धीला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही. त्या दिवशी त्या बुद्धीचाच मला पुढं उपयोग झाला.

आत खरोखर काही नव्हतं. दगड, पिवळं गवत, इथं तिथं तरवडाचं झुडूप, आणि डोळ्यांपुढं हलणारं ऊन. लांबवर हरणांचा एक कळप होता, तो आम्ही दिसायच्या आधी आम्हाला ऐकून पळाला. हे फटफटी बंद करून उतरले. चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मी भाकरी सोडली. मला वाटलं, आता उंट निघतील, तोफा निघतील.

हे म्हणाले, "येकदा मी मागं ऱ्हायलो व्हतो."

"कुठं?"

"तिकडंच. गाड्या थांबल्या व्हत्या, मी जरा बाजूला गेलो. परत येतोय तवर गाड्या म्होरं गेल्या. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. कुणी वळून बघितलं न्हाई."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिशी आले परत. मला न्यायाला न्हवं, पाण्याचं येक पीप ऱ्हायलं व्हतं, ते न्यायाला. मी पिपापाशीच बसून व्हतो, म्हनून गावलो."

एवढं बोलून त्यांनी भाकरी खाल्ली. मी चटणी पुढं केली. ह्या माणसानं एवढ्या दिवसांत एवढं वाळवंट आमच्या डोक्यावर ओतलं, आणि त्यातली खरी वाळू एवढीच होती. जेवण झालं, चष्मा परत डोळ्यांवर आला, आणि फटफटीला लाथ मारता मारता त्यांनी मला सांगितलं की तुर्कांनी त्यांच्या डोक्यावर इनाम लावलं होतं.

परतीला घाट उतरून खाली आलो तर बेल्ह्याच्या बाजाराला निघालेले बैलच बैल. एका ठिकाणी वाट द्यायला हे थांबले. थांबताना धक्का बसला आणि माझ्या मांडीवरचं गाठोडं खाली पडलं, त्यात पितळेचा तांब्या. तो घरंगळत कडेच्या चरात गेला. मी उतरले, तांब्या उचलला, पदरानं पुसला. वर बघते तर फटफटी निघालेली.

आता कुणी म्हणेल, हाक मारायची होती. हाक काय मारू? नाव घ्यायची सोय नाही. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "अहो." रस्त्यावरचे, बांधावरचे, विहिरीवरचे सगळे बाप्ये वळून माझ्याकडं बघायला लागले. वळला नाही तो एकच.

मी मैलाच्या दगडावर बसून राहिले. येणारा जाणारा विचारायचा, बाई, हितं का बसलात. मी सांगायची, मालक पुढं गेल्यात. ते म्हणायचे, कशानं गेले. फटफटीनं, असं सांगितलं की माणसं जास्त काही न विचारता निघून जायची. माहेरी जावं, की सासरी चालत जावं, की त्या दगडासारखं तिथंच गाडून घ्यावं, सगळे विचार करून झाले.

इकडं हे बेल्ह्यापर्यंत गोष्टी सांगत गेले. वाटेत विचारलंही, "हायेस का गं?" उत्तर आलं नाही. तर ह्यांना वाटलं मी रुसले. रुसलेल्या बायकोशी बोलायचं नसतं, तिला आपोआप उतरू द्यायचं असतं, असं ह्यांचं शास्त्र. उतरलेच होते की मी. बाजारात कुणीतरी म्हणालं, "पावणं, येकलंच का?" तेव्हा ह्यांनी मागं वळून पाहिलं.

परत आले तेव्हा तोंड पांढरंफटक पडलेलं, धुळीनं पडलं असेल तर तेही. म्हणाले, "उतरलीस, आन सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं. सगळ्या तालुक्यानं ऐकलं."

एवढ्यावर मला राहवलं नाही. "बरं झालं तांब्या माझ्यापाशी व्हता. पाण्याचं भांडं असलं म्हंजी माघारी येत्यात लोकं." हे वाक्य बोलायला नको होतं असं अजूनही मला वाटत नाही. ते मुकाट्यानं खाली वाकले आणि माझ्या जागेवरचं गोणपाट झाडून नीट घातलं.

पण ह्या येरझाऱ्यांत तेल संपलं. संपलं ते कुठं, तर बेल्ह्याच्या बाजारात, बरोबर मधोमध. फटफटी दोनदा खोकली आणि गप्प झाली. पेट्रोल मिळायचं ते पुण्याला. आणि आमच्या चहूबाजूंना बैल. खिल्लारी, गावठी, पांढरे, बांडे, जिकडं पाहावं तिकडं शिंगंच शिंगं. तहानलेल्या माणसाला नदीत उभं करून पाणी पिऊ नको म्हणावं तसं झालं.

माणसं भली. जो तो येऊन म्हणे, "जोडी लावू का, राव? बोरीपतूर आत्ता नेऊन घालतो." हे माझ्याकडं बघत, मी मानेनंच नको म्हणे. आमच्या मागं एक दलाल कुणाला तरी सांगत होता, "जोडी दिसाय झ्याक हाय, पर येका चालीनं चालत न्हाई." तो बैलांबद्दलच बोलत होता. निदान मी तसं धरून चालले.

ह्यांनी फटफटीला टेकून हातपाय गाळले. म्हणाले, "लावू जोडी. नशिबात औतच हाय." मला पिठलं दिसलं, बिनलसणाचं, मरेपर्यंतचं. आणि त्याच वेळी रखवालदाराचा हुकूम आठवला. चरणारं जनावर सोडायचं नाही. पिण्याचं हुकमात काही नाही.

बाजाराच्या टोकाला जुन्नरचा एक मुसलमान कल्हईवाला आपलं बिऱ्हाड आवरत होता. भांड्यांना कल्हई करायला आमच्या गावीही यायचा. भाता, कोळसा, भांडी लादायला त्याच्याजवळ तीन गाढवं होती. जुन्नरला जायचं म्हणजे त्याला बोरीवरूनच जायचं. मी पदर सावरला आणि स्वतः जाऊन विचारलं, "भाऊ, बोरीपतूर तुमची गाढवं आमची गाडी वडतील का?"

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. "वडतील की, भाभी. गाढवांना काय लाज. पर गावात काय म्हनतील? आमच्या घरात गाढव म्हंजी भाकर. तुमच्या गावात गाढव म्हंजी धिंड."

खरं होतं. आमच्याकडं चोराला, बाहेरख्यालीला गाढवावर बसवून गावातून फिरवायचे. आम्ही दोघं गाढवांच्या मागून वेशीत शिरणार म्हणजे गुन्हा न करता शिक्षा.

"मी न्हाई बसनार," हे म्हणाले. "मी बसऱ्याला—"

"बसऱ्याला गाढवं व्हती का?"

"व्हती."

"मग?"

कल्हईवाल्यानं दोन गाढवं पुढं आणली. मी म्हणाले, "दोन नको. दोन म्हंजी जोडी झाली. तिन्ही लावा."

"तीन तिगाडा, काम बिगाडा," हे म्हणाले.

"काम बिघडायचं काय ऱ्हायलंय आता?"

फटफटीच्या पुढच्या चाकाच्या दांड्याला दोर बांधले, कल्हईवाल्याचा भाता आणि पोती मागच्या जाळीवर माझ्या शेजारी लादली, आणि आम्ही निघालो. आवाज नाही, धूळ नाही, गाढवांच्या पायांची तेवढी टपटप. मला तर तो प्रवास जाण्यापेक्षा बरा वाटला. हे चष्मा लावून ताठ बसले होते. समोरून कुणी आलं की मान अशी फिरवायचे की आपण सहज गाढवांच्या मागं निघालो आहोत, ओळखपाळख नाही.

दिवस कलला आणि बोरीच्या अलीकडचा ओढा आला. तिथं हे उतरले.

"तू हो म्होरं. मी मळ्यातनं येतो, मागल्या अंगानं. कुणी इचारलं तर सांग, येतोय."

"अहो, पण जोडीनं यायाचं—"

"आलंच समज." आणि ज्वारीच्या धसकटांतून कमरेत वाकून ते गेले सुद्धा. तुर्कांनी ज्यांच्या डोक्यावर इनाम लावलं होतं ते.

दुपारी मला विसरले ते चुकून. आता सोडून गेले ते बघून सवरून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण त्याआधी राग आला, आणि मी पुढच्या गादीवर बसले, टांग टाकून, दोन्ही हातांनी दांडा धरून. कल्हईवाला गाढवांच्या पुढं चालत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, ही त्याची माणुसकी.

वेशीत शिरले तेव्हा आधी कुत्री भुंकली, मग गाव. चावडीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, सुनेनं काय केलं वो? कुणी म्हणालं, काय केलं असंल त्ये दिसतंयच की. मी समोर बघत गाढवांच्या मागून आमच्या ओट्यापर्यंत गेले. मामंजी तिथंच बसले होते. त्यांनी गाढवांकडं पाहिलं, दोरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जोडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

तोवर मी मामंजींशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, दाराआडून. त्या दिवशी मी दार सोडून आले होते.

"जोडी लावली न्हाई, मामंजी," मी म्हणाले. "गाढवं हायेत, आन ती बी तीन हायेत."

"ते दिसतंय मला. तुमची जोडी कुठाय?"

तेवढ्यात गोठ्यात गडबड झाली. आमचे दोन्ही बैल उठून उभे राहिले, आणि त्यांच्या मधून हे बाहेर आले. पागोट्याला कडबा अडकलेला, चष्मा गळ्यात. त्यांना बघून जमलेली माणसं जी हसायला लागली ती थांबेनात. मामंजी हसले नाहीत. मला वाटलं, गेली पेठ. गेली चूल. आणि खरं सांगते, त्या घटकेला मला चुलीचं इतकं वाईट वाटलं नाही, जेवढं ह्याचं वाटलं की ह्या माणसाबरोबर वेगळी चूल मांडून तरी मी एकटीच राहणार.

मामंजी सावकाश म्हणाले, "सुनंनं तिचा शबुद पाळला. तुजा राहिलाय. वड्यापतूर माघारी जावा, आन जोडीनं या. गाव हाय हितंच, कुठं जात न्हाई."

हे उभे राहिले. एवढी माणसं, त्यात ह्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून कान किटलेला प्रत्येक जण. नाही म्हणाले असते तर एका शब्दात सगळं संपलं असतं. ह्यांनी पागोट्यातला कडबा काढला, खाली टाकला, आणि गाढवांची तोंडं ओढ्याकडं वळवली. मी मागून चालत गेले. कल्हईवाला म्हणाला, "भाऊ, आज आमची गाढवं धन्य झाली."

ओढ्यावर हे पुढं बसले, मी मागं बसले, आत्याबाईंनी सांगितलं होतं तशी एका अंगानं. येईपर्यंत वेशीवर अख्खं गाव लोटलं होतं. कुणी घरून हलगी आणली होती. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. आम्ही जवळ येऊ लागलो तशी हलगी वाजायला लागली, आणि मग कसं कोण जाणे, अगदी वेशीत आल्यावर वाजवणाऱ्याचा हात थांबला. सगळे नुसते बघत होते. फटफटीचा आवाज नाही, वारा नाही. बारीक बोललेलं सुद्धा ऐकू गेलं असतं.

ह्यांनी पुढं बघत हळू आवाजात विचारलं, "हायेस का गं?"

"हाय," असं म्हणून भागलं असतं. पण मला तो पिपापाशी बसलेला माणूस दिसला. मी हात उचलला आणि ह्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि ओट्यापर्यंत काढला नाही.

पुढं दिलेल्या शब्दाप्रमाणं मामंजींनी आम्हाला पेठेला जाऊ दिलं. मी तिथं चूल मांडली आणि पहिल्या दिवशी लसूण इतका घातला की ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकान चाललं, कारण मोटारी खरोखरच बंद पडायच्या. गिऱ्हाइकांना हे बसरा सांगत, आणि गिऱ्हाईक अडकलेलं असल्यामुळं ऐकून घेई. बोरीला गाढवांची गोष्ट चार दिवस चालली आणि विरली. हाताची मात्र विरली नाही. भर वेशीत, सासरा समोर असताना, नवऱ्याच्या खांद्यावर हात. आमच्या गावच्या बायका ती गोष्ट अजून सांगतात, आणि दर खेपेला तो हात खांद्यावरून आणखी जरा पुढं गेलेला असतो.

वेशीतून जोडीनं आलो त्याच संध्याकाळी मी भांडी घासत होते तेव्हा आत्याबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हात कशाला ठिवलास? पडत व्हतीस का?"

"न्हाई," मी म्हणाले.